१९५७ साली पाडलेला दरवाजा जागतिक वारसा कसा ठरतो?

जुलै २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचे अधिवेशन पहिल्यांदाच भारतात, नवी दिल्लीत भरले. आसाममधल्या आहोम राजघराण्याच्या मोईदामांना, म्हणजे समाधी-टेकड्यांना, तेथे वारशाचा दर्जा मिळाला आणि आपल्याकडच्या बातम्या साहजिकच त्यांच्यापुरत्या राहिल्या. त्याच अधिवेशनात बीजिंगचा 'मध्य अक्ष'ही यादीत गेला. जुन्या बीजिंगमधून उत्तर-दक्षिण जाणारी ही ७.८ किलोमीटरची सरळ रेषा आहे. तिच्या उत्तर टोकाला घंटेचा आणि नगाऱ्याचा असे दोन मनोरे आहेत, मध्यावर सम्राटांचा राजवाडा आहे आणि दक्षिण टोकाला योंगडिंगमेन नावाचा नगरदरवाजा आहे. या दरवाजाची हकिकत चमत्कारिक आहे. सोळाव्या शतकात मिंग राजवटीत तो उभा राहिला, १९५७ मध्ये पाडला गेला, आणि आज तेथे दिसतो तो दरवाजा २००४ मध्ये नव्याने बांधलेला आहे.

जेमतेम वीस वर्षांपूर्वीचे बांधकाम वारसा कसे ठरते, हा प्रश्न कोणालाही पडेल. चीनचे वजन पडले असणार, असे म्हणून तो निकालात काढता येतो. अशा समित्यांमध्ये राजकारण नसते असे मानण्याइतके भाबडे कोणी नसावे. परंतु खरे उत्तर अधिक रंजक आहे, आणि ते समजण्यासाठी आधी चिनी इमारत उभी कशी राहते येथून सुरुवात करावी लागते.

भिंत पडली तरी घर उभे

अजिंठा-वेरूळ आणि सह्याद्रीतले किल्ले पाहत वाढलेल्या माणसाच्या मनात 'जुने' म्हणजे दगड, आणि तोही त्या काळच्या हाताने घडवलेला, असे समीकरण पक्के झालेले असते. चीनमध्ये दगड आणि विटा वापरल्या गेल्या त्या प्रामुख्याने तटबंदी, पूल, थडगी आणि काही स्तूपांसाठी. राजवाडे, मंदिरे आणि घरे मात्र लाकडाची झाली. त्यांत भार वाहण्याचे काम भिंतीकडे नसतेच. खांब, त्यांवर आडव्या तुळया, तुळयांवर चढत्या क्रमाने आखूड होत जाणाऱ्या तुळया आणि त्यांवर छप्पर, असा तो सांगाडा असतो. भिंत फक्त वारा आणि थंडी अडवते. जुना वाडा किती खणांचा, हे कळले की आपल्याला त्याचा आवाका समजतो, तसेच चिनी इमारतीचे मोजमापही दोन खांबांमधल्या गाळ्यावरून होते. सात खणांचे सभागृह, नऊ खणांचे सभागृह, असे बोलले की तिचा दर्जाही कळतो, कारण कोणी किती खणांचे बांधावे याचे दंडक ठरलेले होते.

खांब आणि छप्पर यांच्यामध्ये एक भाग असतो, आणि सगळा अभ्यास त्याच्याभोवतीच फिरतो. त्याला 'दोउगोंग' म्हणतात. खांबाच्या माथ्यावर खाचा पाडलेला लाकडी ठोकळा बसवतात. त्या खाचांमध्ये एकमेकांना काटकोनात छेदणारे आखूड हात बसतात. हातांच्या टोकांवर पुन्हा लहान ठोकळे, त्यांवर पुन्हा हात, असे थर बाहेर-बाहेर सरकत जातात आणि छपराची वळचण भिंतीपासून बरीच पुढे पेलून धरतात. वळचण एवढी पुढे काढण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे: पावसाचे पाणी लाकडी खांबांपासून आणि मातीच्या भिंतींपासून दूर पडावे. सगळे सांधे खाच आणि कुसू पद्धतीचे असतात, त्यांना मुख्यत्वे खिळे लागत नाहीत. खांबही जमिनीत गाडलेले नसून दगडी बैठकीवर नुसते टेकवलेले असतात. त्यामुळे भूकंपात सांगाडा थोडा सरकतो, करकरतो आणि पुन्हा जागेवर येतो. तिआनजिनजवळच्या दूले मंदिरातला ग्वानयिन मंडप इसवी सन ९८४ मधला आहे. १९७६ च्या तांगशान भूकंपात आसपासची पुष्कळ घरे कोसळली, हा मंडप उभा राहिला.

लाकूड मात्र पावसात कुजते, त्याला वाळवी लागते आणि ते जळते. बीजिंगचा राजवाडा १४२० मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी त्यातली तीन मुख्य सभागृहे वीज पडून भस्मसात झाली. पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते सर्वात मोठे सभागृह सतराव्या शतकाच्या अखेरचे आहे. म्हणजे चिनी सुतारासाठी इमारत ही कायमच दुरुस्तीला आलेली वस्तू असते. कौले उतरवून पुन्हा शाकारायची, कुजलेले वासे बदलायचे, खांबाचा सडलेला पाय कापून तेथे नवा तुकडा सांधायचा, हे चक्र शतकानुशतके चालत आलेले आहे. रंगाचेही तसेच आहे. लाल खांब आणि निळी-हिरवी नक्षी पाहून 'सगळे नवेच रंगवलेले दिसते' अशी तक्रार अनेक प्रवासी करतात. पण त्या रंगाखाली विटांची पूड, तुंग झाडाच्या बियांचे तेल, डुकराचे रक्त आणि अंबाडीसारखे धागे यांचा जाड लेप असतो. तो लाकडाचे हवेपासून व पाण्यापासून रक्षण करतो. काही दशकांनी तो निघतोच आणि पुन्हा द्यावाच लागतो. आपल्याकडे काळ्या दगडाच्या देवळाला ऑइलपेंट फासतात तो प्रकार वेगळा. तेथे रंगाने दगडाचे काहीच भले होत नाही.

पुस्तक होते, ते समजणारे नव्हते

एवढी शतके दुरुस्ती चालली, पण मग कोणता भाग कोणत्या काळाचा, हे ओळखायचे कसे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये या प्रश्नाचे उत्तर देणारा कोणी नव्हता. बांधकाम हे कारागिरांचे काम, ते बापाकडून मुलाकडे जाई. शिकलेली माणसे कविता आणि चित्रकलेचा अभ्यास करीत, सुतारकामाचा नव्हे.

१९१९ मध्ये जू छीछियान हे माजी मंत्री नानजिंगच्या ग्रंथालयात गेले असता त्यांच्या हाती एक हस्तलिखित प्रत लागली. सोंग राजवटीतला अधिकारी ली जिये याने इसवी सन ११०० मध्ये पूर्ण केलेला आणि ११०३ मध्ये सरकारी आज्ञेने छापलेला हा 'यिंगझाओ फाशी' ग्रंथ होता. बांधकामाची मानके ठरवणारा हा ग्रंथ लिहिला गेला त्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा खजिन्याची काळजी अधिक होती. सरकारी कामांवर सामान किती लागावे आणि मजुरी किती द्यावी हे ठरवून खर्चाची गळती थांबवायची होती. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून एका दिवसाचे काम जास्त धरायचे, हिवाळ्यात कमी, इतक्या बारकाव्यापर्यंत तो जातो.

या ग्रंथाचा गाभा म्हणजे एक साधी युक्ती आहे. दोउगोंगच्या हाताचा जो छेद, तोच सगळ्या इमारतीचे माप. त्याची उंची १५ भाग आणि रुंदी १० भाग. इमारतीच्या दर्जानुसार या लाकडाचे आठ आकार ठरलेले. भव्य सभागृहाला पहिला, लहानशा मंडपाला आठवा. एकदा आकार ठरला की बाकीच्या लाकडांची मापे त्याच 'भागां'त सांगता येतात. सुताराला फूटपट्टीपेक्षा हे प्रमाण पुरते. आणि अभ्यासकाला त्याचा उलटा उपयोग होतो: मूळ जागेवरचा एक हात जरी अखंड सापडला, तरी इमारत कोणत्या दर्जाची आणि तिची बाकीची लाकडे साधारण केवढी असावीत याचा अंदाज बांधता येतो.

ग्रंथाचे पुनर्मुद्रण झाले खरे, पण त्यातले शब्द कोणालाच उमगेनात. सुतारांची भाषा आठशे वर्षांत पार बदलून गेली होती. जू छीछियान यांनी चिनी वास्तुरचनेच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली आणि १९३१ मध्ये तिच्यात लियांग सीचेंग हे तरुण वास्तुविशारद आले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते शिकले होते. त्यांच्या पत्नी लिन ह्वेईयिन याही तेथेच होत्या. वास्तुशास्त्राच्या वर्गात स्त्रियांना प्रवेश नसल्याने त्यांनी ललित कला शाखेत नाव घातले आणि वास्तुशास्त्राचे विषय तरीही पूर्ण केले. ती पदवी त्या विद्यापीठाने त्यांना २०२४ मध्ये मरणोत्तर दिली. (रवींद्रनाथ टागोर १९२४ मध्ये चीनला गेले तेव्हा त्यांच्या दुभाष्यांमध्ये एकोणीस वर्षांच्या लिन होत्या.)

लियांग यांनी सुरुवात ग्रंथापासून केली नाही. राजवाड्याच्या डागडुजीवर काम केलेले म्हातारे सुतार बीजिंगमध्ये अजून हयात होते. त्यांना गुरू मानून, उभ्या इमारतीचा एकेक तुकडा दाखवत 'याला काय म्हणता' असे विचारत त्यांनी आधी अठराव्या शतकातले छिंग राजवटीचे नियम समजून घेतले, आणि मग तेथून मागे सोंग काळाकडे सरकायचे ठरवले. मधल्या काळातल्या इमारती मात्र प्रत्यक्ष शोधाव्या लागणार होत्या.

अंधारात, वटवाघळांच्या सोबतीने

त्या वेळी जपानी अभ्यासक म्हणत असत की चीनमध्ये तांग काळातली, म्हणजे इसवी सन ९०७ पूर्वीची, एकही लाकडी इमारत उरलेली नाही. पाहायची असेल तर जपानमध्ये नाराला या. लियांग दांपत्याला हे बोचत होते. दुनहुआंगच्या गुंफांमधल्या एका भित्तिचित्रात शान्शी प्रांतातल्या वूताय पर्वतावरच्या मंदिरांचा नकाशाच रंगवलेला आहे, आणि त्यात फोग्वांग मंदिराचे नाव आहे. पर्वताच्या मुख्य यात्रामार्गापासून हे मंदिर दूर पडते. जेथे यात्रेकरू कमी, तेथे दानाचा पैसा कमी, आणि पैसा कमी तेथे जुने पाडून नवे बांधण्याची हौसही कमी, असा त्यांचा तर्क होता. शान्शीसारख्या कोरड्या हवेच्या आणि पुढे गरीब झालेल्या प्रांतात चीनमधली बहुसंख्य प्राचीन लाकडी बांधकामे टिकली याचे कारणही बरेचसे हेच आहे.

१९३७ च्या उन्हाळ्यात खेचरांवरून ते तेथे पोहोचले. पूर्वेचे मुख्य सभागृह सात खणांचे. दोउगोंग इतके भव्य की त्याची उंची खांबाच्या जवळजवळ निम्मी. आकारावरून ते तांग काळातले वाटत होते, पण वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. छपराखालच्या पोकळीत ते शिरले. तेथे शतकांची धूळ साचलेली होती, तुळयांना हजारो वटवाघळे लटकलेली होती, आणि पायाखाली मेलेल्या वटवाघळांचा थर होता. तोंडाला फडके बांधून, विजेरीच्या उजेडात ते तासन् तास मापे घेत राहिले आणि बाहेर आले तेव्हा अंगभर ढेकूण होते. काही दिवसांनी लिन यांना खालूनच एका तुळईच्या तळाशी पुसट शाईची अक्षरे दिसली. त्यांची लांबची नजर चांगली होती. तुळया भिजवलेल्या कापडाने पुसण्यात दिवस गेले, तेव्हा दान देणाऱ्या एका स्त्रीचे नाव उमटले: निंग गोंगयू. सभागृहासमोरच्या दगडी स्तंभावर तेच नाव कोरलेले होते, आणि त्याखाली वर्ष होते इसवी सन ८५७. मूर्तींच्या रांगेच्या टोकाला साध्या वेशात बसलेली स्त्री, जिला पुजारी भलतीच कोणी समजत होते, ती निंग गोंगयू हीच असावी असा निष्कर्ष त्यांनी काढला.

जुलैच्या ७ तारखेला बीजिंगजवळ जपानशी युद्धाला तोंड फुटले. डोंगरातल्या या मंडळींना ती बातमी काही दिवसांनी कळली. पुढची वर्षे निर्वासितपणात गेली. सुरक्षिततेसाठी तिआनजिनच्या एका बँकेत ठेवलेल्या आराखड्यांचे व छायाचित्रांचे १९३९ च्या पुरात मोठे नुकसान झाले. तरीही संस्थेच्या मोजण्यांमुळे चिनी वास्तुरचनेची कालरेषा पहिल्यांदा उभी राहिली. आता एखाद्या खेड्यातल्या मंदिराचा दोउगोंग पाहून जाणकार शतक सांगू शकतो, आणि कार्बन चाचणीने ते ताडून पाहता येते.

डागडुजी करायची तर किती?

काळ ओळखता आला की खरा पेच सुरू होतो. समजा, नवव्या शतकातल्या मंदिराचे वासे अठराव्या शतकात कोणी कापून आखूड केले. दुरुस्ती करताना ते पुन्हा लांब करायचे, की इतिहासाचा भाग म्हणून तसेच ठेवायचे? हा काल्पनिक प्रश्न नाही. शान्शीतले नानचान मंदिर इसवी सन ७८२ मधले, चीनमधले ज्ञात असलेले सर्वात जुने लाकडी सभागृह. १९७४-७५ च्या दुरुस्तीत त्याची वळचण तांग काळात असावी तेवढी पुन्हा पुढे काढण्यात आली, दारे-खिडक्याही त्या काळाच्या अंदाजाने बदलल्या. आज ते सुंदर दिसते. पण त्यातले काय मिळालेल्या पुराव्यावरून आले आणि काय तर्काने, यावर अभ्यासक अजून वाद घालतात, आणि मधल्या हजार वर्षांच्या खुणा गेल्या त्या गेल्याच.

लियांग यांचे मत स्पष्ट होते. जुन्या वास्तूचे आयुष्य वाढवायचे, तिला पुन्हा तरुण करायचे नाही, असे ते म्हणत. याविषयी ते स्वतःच्या कवळीचा दाखला देत: दंतवैद्याने पांढरेशुभ्र दात न बसवता वयाला शोभतील असे किंचित पिवळसर, थोडे अनियमित दात बसवले, आणि जुन्या वास्तूची दुरुस्ती अशीच हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६४ ची व्हेनिसची सनद प्रमाण मानली जाते. मूळ सामग्रीवर तिचा भर आहे; नवे घातलेले काम नवे म्हणून ओळखू यावे, असे ती सांगते. दगडी युरोपात ते जमते. लाकडी आशियात ते जसेच्या तसे लावले तर आतापर्यंतची प्रत्येक प्रामाणिक दुरुस्ती ही बनावट ठरेल. म्हणून १९९४ मध्ये जपानमधल्या नारा शहरात जाणकारांनी असे मांडले की वास्तूचा अस्सलपणा फक्त सामग्रीत नसतो; तो रचनेत, वापरात, कारागिरीच्या परंपरेत, जागेत आणि भोवतालातही असतो. चीनने २००० मध्ये स्वतःची तत्त्वे तयार केली. कमीत कमी हस्तक्षेप करावा, प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी, आणि जी इमारत उरलेलीच नाही ती सामान्यतः पुन्हा बांधू नये, असे ती सांगतात.

तत्त्वे ठरली तरी प्रत्येक इमारत वेगळा पेच घालते. शान्शीतलाच यिंगश्यानचा लाकडी स्तूप इसवी सन १०५६ मधला आहे. उंची ६७ मीटरहून थोडी अधिक, आत चोपन्न प्रकारचे दोउगोंग. गेल्या शतकात लष्करशहांच्या लढाईत त्याला तोफगोळे लागले, आणि १९३० च्या दशकात स्थानिकांनी वरच्या मजल्यांच्या मातीच्या आधारभिंती काढून तेथे जाळीची दारे बसवली, त्यामुळे तो अधिकच कमकुवत झाला. त्याचा दुसरा मजला झुकलेला आहे. संपूर्ण स्तूप उतरवून पुन्हा रचायचा, की वरचा भाग उचलून धरून खालचा दुरुस्त करायचा, की आतून पोलादी आधार द्यायचे, यावर कित्येक दशके चर्चा चालू आहे. उतरवला तर हजारो सांध्यांमधली मूळ पकड जाते; न उतरवला तर तो झुकतच राहतो. पर्यटकांना वर सोडणे बंद आहे, मोजमापे चालू आहेत. हा निर्णय लांबतो याबद्दल सरकारी दिरंगाईला दोष देणे सोपे आहे, पण मला तरी येथे घाईपेक्षा भीती बरी वाटते.

मग योंगडिंगमेन ही नक्कल नाही का?

आता मूळ प्रश्नाकडे. २००२ मध्ये सुधारलेल्या चिनी कायद्यानेही नष्ट झालेली वास्तू त्याच जागी पुन्हा बांधायला मनाई केली होती. विशेष परवानगीचा अपवाद मात्र ठेवला होता. योंगडिंगमेन हा तसा अपवाद. त्याच्या बाजूने दोन गोष्टी होत्या.

पहिली, वारसा म्हणून नोंदला गेला तो एकटा दरवाजा नाही, तर पंधरा घटकांची रांग, आणि त्या रांगेला दक्षिणेचे टोक लागत होते. दुसरी, आणि माझ्या मते महत्त्वाची, पाडण्यापूर्वी तो मोजलेला होता. जपानी ताब्यातल्या बीजिंगमध्ये, कधी बॉम्ब पडतील आणि सगळे जळेल या धास्तीने, जू छीछियान यांनीच एक मोहीम सुरू करून दिली. वास्तुविशारद झांग बो आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १९४१ ते १९४४ या काळात या अक्षावरच्या प्रमुख इमारतींची मोजणी केली आणि सहाशेहून अधिक मोठे आराखडे काढले. वारशाच्या प्रस्तावालाही पुढे याच आराखड्यांचा आधार मिळाला. मोजणी आणि छायाचित्रे हाती असताना केलेली पुनर्बांधणी आणि मनाने रचलेली 'जुनी' इमारत, यांत हाच फरक आहे. तरीही हा दरवाजा २००४ चा आहे हे पाटीवर लिहिलेले असावे, अशी अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.

याचा गैरफायदा घेणारे कमी नाहीत. 'आमच्याकडे पुन्हा बांधण्याचीच परंपरा' हे वाक्य बिल्डरांना आणि महापौरांना फार सोयीचे पडते. दातोंग शहरात २००८ पासून जुनी तटबंदी नव्याने उभी करताना असंख्य जुनी घरे गेली. २०१९ मध्ये केंद्रीय खात्यांनी ज्या पाच शहरांची जाहीर कानउघाडणी केली त्यांत दातोंग होते, आणि ठपका होता 'खरे पाडून खोटे बांधल्याचा'. देशभर अशा जुन्या वळणाच्या नव्या बाजारपेठा झाल्या आहेत. त्यांतल्या दोउगोंगांमध्ये काँक्रीट असते आणि छपराचा भार त्यांच्यावर नसतोच.

याउलट हांगझोऊच्या पश्चिम सरोवराकाठचा लेईफेंग स्तूप पाहावा. दहाव्या शतकातल्या या स्तूपाच्या विटा शुभ मानून लोक वर्षानुवर्षे उचलून नेत होते. २५ सप्टेंबर १९२४ रोजी तो कोसळला. २००२ मध्ये त्या जागी नवा स्तूप झाला तो उघडपणे पोलादाचा, सरकत्या जिन्यासह. जुन्या विटांचा ढिगारा त्याच्या पोटात काचेआड तसाच ठेवला आहे. काहींना तो जिना खटकतो. पण तेथे जुने कोणते आणि नवे कोणते, याबद्दल कोणाचीही फसगत होत नाही.

बीजिंगजवळच्या युआनमिंगयुआन या बादशाही उद्यानाबाबत तिसरा मार्ग निवडला गेला. १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी ते लुटून जाळले. त्या ब्रिटिश फौजेत हिंदुस्थानातून नेलेल्या पंजाबी आणि शीख पलटणीही होत्या. ते पुन्हा बांधावे अशी मागणी अधूनमधून होते, पण मुख्यतः अवशेष म्हणूनच ते जपले गेले आहे, कारण जाळले गेले हीच त्याची सर्वात महत्त्वाची हकिकत आहे.

बाग आणि डोंगर कसे जपायचे?

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले यादीत गेले, तेव्हापासून 'किल्ला नव्हे, भूप्रदेश' ही कल्पना आपल्याला परकी राहिलेली नाही. चीनमध्ये ती फार आधीपासून कळीची आहे, कारण तेथे इमारत आणि तिच्यासमोरचे पाणी, मागचा डोंगर, भिंतीवर पडणारी सावली यांची योजना एकत्रच होते.

सुझोऊ शहरातल्या नऊ बागा १९९७ आणि २००० मध्ये यादीत गेल्या. वरवर पाहता त्या लहान आहेत: तळे, भोके पडलेले उभे खडक, वळणावळणाची पडवी, जाळीच्या खिडक्या. १६३४ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात जी चेंग या उद्यानकाराने 'उसने दृश्य' घेण्याचे तंत्र सांगितले आहे, म्हणजे बागेबाहेरचे काहीतरी चित्रात ओढून घेणे. (हा ग्रंथही चीनमध्ये विस्मृतीत गेला होता, तो जपानमध्ये टिकला आणि १९३० च्या दशकात परत आला.) सुझोऊच्या सर्वात प्रसिद्ध बागेत तळ्याच्या पूर्वेकडून पश्चिमेला पाहिले की पाण्याच्या टोकाला, झाडांच्या वर, एक उंच स्तूप दिसतो. तो बागेत नाहीच. शहरात, बऱ्याच अंतरावर आहे. म्हणजे ही बाग जपायची तर बागेची भिंत राखून भागत नाही, मधल्या साऱ्या वस्तीची उंची आवरावी लागते. जुन्या सुझोऊत इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा आहे ती यासाठीही. रिअल इस्टेटचे भाव पाहता ही मर्यादा दशकानुदशके टिकली, ही माझ्या दृष्टीने कोणत्याही मंदिराच्या दुरुस्तीइतकीच मोठी गोष्ट आहे.

हांगझोऊच्या पश्चिम सरोवराला २०११ मध्ये सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून मान्यता मिळाली. ते नैसर्गिक दिसते, पण गाळ काढला नाही तर ते हळूहळू दलदल होईल. कवी आणि अधिकारी सू शी याने १०९० च्या सुमारास गाळ काढायला हजारो माणसे लावली आणि त्याच गाळाचा सुमारे २.८ किलोमीटर लांबीचा बांध घातला. वसंतातल्या पहाटे त्या बांधावरून दिसणारे दृश्य पुढे सरोवराच्या 'दहा दृश्यां'पैकी एक म्हणून अजरामर झाले. युन्नानमधल्या हानी लोकांच्या भातखाचरांचेही तसेच: वर जंगल, मध्ये गाव, खाली खाचरे, आणि जंगलातून गावामार्गे येणारे पाणी. तरुण शहरात गेले आणि पाट कोणी साफ केले नाहीत, तर तेथे दुरुस्त करायला इमारतच नसते.

आणि तेथे राहणाऱ्यांचे काय?

जपणुकीवरचा सर्वात वजनदार आक्षेप हा आहे की गळक्या छपराखाली, सामाईक संडास वापरत राहणाऱ्याला 'वारसा' सांगणे ही पोटभरलेल्यांची चैन आहे. बीजिंगच्या बोळांमधली चौकाची घरे एका कुटुंबासाठी बांधलेली होती. १९५० नंतर त्यांत अनेक कुटुंबे कोंबली गेली. तेथे राहणाऱ्याला फ्लॅट हवा असेल तर त्यात गैर काय?

लियांग यांनी याचे उत्तर १९५० मध्येच देऊन ठेवले होते. नगररचनाकार चेन झानश्यांग यांच्यासह त्यांनी सुचवले की नव्या प्रजासत्ताकाची कार्यालये जुन्या शहराच्या पश्चिमेला, मोकळ्या जागेत बांधावीत. म्हणजे जुन्या शहरावरचा भार कमी होईल आणि नव्यालाही ऐसपैस जागा मिळेल. तटबंदीच्या माथ्यावर नागरिकांसाठी बाग करावी, असेही त्यांनी मांडले. दोन्ही सूचना नाकारल्या गेल्या. तट पडला आणि पुढे त्याच्या रेषेखालून भुयारी रेल्वे गेली. १९६९ मध्ये पश्चिमेचा एक दरवाजा पाडताना त्याच्या पोटात चौदाव्या शतकातला, युआन राजवटीचा आख्खा दरवाजा निघाला. तोही पाडला गेला.

हीच कल्पना पुढे शान्शीतल्या पिंगयाओ गावात यशस्वी झाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे जुने पाडून रुंद रस्ते काढण्याचे ठरलेले होते. शांघायच्या तोंगजी विद्यापीठाचे रुआन यिसान यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पर्यायी आराखडा केला: नवे गाव तटाबाहेर, जुने तटाच्या आत. १९९७ मध्ये पिंगयाओ जागतिक वारसा झाले. आता तेथे गर्दी, खानावळी आणि लाल कंदिलांचा अतिरेक आहे, आणि राहण्यासाठी राहणारी माणसे कमी होत चालली आहेत. म्हणजे आक्षेप पुरता मिटलेला नाही, पण तट आणि घरे तरी आहेत.

पर्यटक जेथे पोहोचत नाहीत तेथली अडचण उलटी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये शान्शीत अनपेक्षित अतिवृष्टी झाली आणि सतराशेहून अधिक ऐतिहासिक स्थळांचे नुकसान झाले. बहुतेक ठिकाणी छपरे गळली, भिंती खचल्या. कोरड्या हवेच्या भरवशावर हजार वर्षे उभ्या राहिलेल्या प्रांताला पाऊस नवा आहे. फूजियान प्रांतातला वानआन हा जुना लाकडी कमानी पूल ऑगस्ट २०२२ मध्ये एका रात्री जळून गेला. असे पूल बांधण्याची कला २००९ मध्ये युनेस्कोच्या 'तातडीने वाचवण्याच्या' यादीत घातलेली होती. नव्या सुतारांना शिकवण्याचे प्रयत्न झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये ती त्या यादीतून काढून सर्वसाधारण यादीत नेली गेली.

२००७ ते २०११ या काळात झालेल्या तिसऱ्या राष्ट्रीय पाहणीत चीनने सुमारे ७ लाख ६६ हजार स्थावर वारसास्थळे नोंदवली, आणि आधी नोंदलेली चाळीस हजारांहून अधिक स्थळे नाहीशी झाल्याचेही त्याच पाहणीत निघाले. त्यांतली फार थोडी राष्ट्रीय संरक्षणाखाली येतात. बाकीची तालुक्याच्या तुटपुंज्या निधीवर आणि किल्ली सांभाळणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या गावकऱ्यावर सोडलेली आहेत. चौथी पाहणी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. नाहीशा झालेल्यांची यादी या वेळी केवढी निघते, आणि त्यांतल्या किती वास्तूंचे आराखडे कोणी काढून ठेवलेले आहेत, हे तिच्या अहवालात पाहावे लागेल.